टायरातल्या सरावासाठी आभार, सर

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम उघडं लिहितेय. तुमच्या बॉक्सिंगच्या सरावाची पद्धत अकोट तालुक्याबाहेर फारशी कुणाला माहीत नाही, आणि ज्यांनी ती पाहिली त्यांतल्या काहींनी तिला तमाशा म्हटलं. त्यांनीही हे वाचावं.

माझ्या वजनगटात मी सगळ्यांत बुटकी. उंच मुलीशी लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, खेळायचे तर फायदा तिचाच. ‘आत घुस’ हे मला तुमच्या आधीही सांगितलं गेलं होतं, पण आत गेल्यावर करायचं काय, ते तुम्ही शिकवलं. नेहमीच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, ते शिकायला वेळच मिळत नाही. दोरांच्या आत रिंग ६.१ मीटरची. अंगाशी आलो की एक जण मागे सरते, नाहीतर मिठी मारते. सामन्यात पंच ‘ब्रेक’ म्हणतात आणि दोघींना एक पाऊल मागे जावं लागतं. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत खरी जवळची लढत काही क्षणांचीच होते, आणि नेमके तेच क्षण बुटक्या खेळाडूचे असतात.

तुम्ही ट्रॅक्टरचा पुढचा टायर जमिनीवर आडवा टाकलात. दोघींचा पुढचा पाय त्याच्या पोकळीत, मागचा बाहेर, आणि फेरी संपेपर्यंत पाय काढायचा नाही. “कायले मांगं पाह्यतं वं? तिथंच राय!” हा तुमचा आवाज अजून कानात आहे. पळायची वाट बंद झाली आणि कंबर कामाला लागली. हूक म्हणजे बाजूने वळवून मारायचा ठोसा. हात लांब फेकून मारलेला हूक एवढ्या जवळून समोरचीच्या डोक्यामागे जातो, आणि तिथे लागला तर तो फाऊल. कोपर काटकोनात ठेवून टाच आणि कंबर वळवली की तोच हूक वीतभर जागेतून निघतो. अपरकटला, म्हणजे खालून वर मारायच्या ठोशाला, तिच्या दोन कोपरांमधली फट पुरते. डावा हूक तिच्या उजव्या बरगडीखाली का मारायचा, तर तिथे यकृत असतं, हेही मला त्या टायरात कळलं, आणि ते अर्ध्या जोरात कळलं. कुणी चिडून जोर लावला की तुम्ही फेरी तिथेच थांबवायचात. याबद्दल तुमचे वेगळे आभार, कारण या सरावात जोराला मोकळीक दिली तर शिकणं संपतं आणि नुसती मारामारी उरते.

डावा हात कमरेच्या दुपट्ट्यात खोचून दोन हातांच्या मुलीसमोर उभं करायचात, ते सगळ्यांत अवघड. एकाच हातावर निभवायचं म्हटल्यावर खांदा, दंड आणि डोकं कुठे ठेवायचं ते आपोआप उमगलं. खांद्याला खांदा लावून, एकही ठोसा न मारता, नुसता आपला हात तिच्या हाताच्या आतल्या बाजूला न्यायचा सराव पाहून गावच्या आखाड्यातले म्हातारे पैलवान लगेच म्हणाले, “हे तं आमचंच हाये.” कपाळ समोरासमोर भिडू द्यायचं नाही, बाजूला खांद्याशी ठेवायचं, हा तुमचा नियम होता. डोक्याची टक्कर झाली तर भुवई फुटते आणि पंच ताकीद देतात ते वेगळंच.

डोळे मिटून पॅड मारायला लावायचात तेव्हा मलाही शंका आली होती. पण तेवढ्या जवळ समोरचीचे हात दिसतच नाहीत. तिच्या दंडाचा दाब कमी झाला की ठोसा निघाला, हे कातडीलाच ओळखावं लागतं.

अमेरिकेचा हेवीवेट बॉक्सर जो फ्रेझर मोहम्मद अलीपेक्षा जवळपास नऊ सेंटिमीटरने बुटका होता. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये त्याने अलीला पंधराव्या फेरीत डाव्या हूकने खाली पाडलं आणि लढत जिंकली. त्या लढतीचं चित्रण तुम्ही आम्हाला मोबाईलवर दाखवलंत आणि हूककडे नको, त्याआधी पाय कुठे आहेत ते पाहा, असं सांगितलंत. मी आता प्रत्येक लढत तशीच पाहते.

मोकळ्या रिंगमधलं स्पारिंग नको, असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत, मीही म्हणत नाही. पण जे तिथे सुटतं ते असंच वेगळं काढून घोटावं लागतं, हे मला पटलंय.

२०२१ मध्ये नागपूरच्या अल्फिया पठाणने युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, तिचं नाव घेऊन मी आता गावातल्या पोरींच्या घरी बोलायला जाते. लहान मुली टायरात फक्त खांद्याला हात लावायचा खेळ खेळतात, ठोसा नाही. मोठ्या मुली हेडगार्ड घालून, तुमच्याच नियमांनी. एक हात खोचायचा सराव त्यांना कधीपासून द्यावा, हे मला तुम्हालाच विचारायचं आहे. कपाशीची वेचणी लागली की निम्म्या पोरी शेतात असतात, म्हणून दसऱ्याच्या आत या. काकूंनाही घेऊन या. मुक्काम आमच्याकडेच.

तुमची विद्यार्थिनी