विषय: गिझरचा कटआउट (पाणी फार तापल्यावर वीज तोडणारा सेफ्टी स्विच) वगळून, वायरी डायरेक्ट करून तक्रार ‘सोडवल्या’बद्दल

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनवरचं बोलणं संपलं. संपलं म्हणजे तिकडून फोन कट झाला. म्हणून आता लेखी.

तुमचा १५ लिटरचा, २ किलोवॅटचा स्टोरेज गिझर परभणीतल्या दुकानातून घेतला. वॉरंटीत आहे, बिल सोबत जोडलंय. आत काय काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. नॉब कुठेही ठेवा, पाणी उकळतंच. लाल दिवा विझत नाही. तोटी सोडली की आधी फुर्रर्र करून वाफ येते, मग पाणी. इनलेटजवळचा प्लास्टिकचा पाइप मऊ पडून वाकलाय. पहिल्यांदा तक्रार नोंदवली तेव्हा एक गोष्ट तरी ठीक होती: पाणी फार तापलं की कटआउट ट्रिप व्हायचा आणि गिझर बंद पडायचा. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट गेला होता, पण मागचा पहारेकरी जागा होता.

तुमच्या माणसाने नेमकं त्यालाच झोपवलं.

तो आला तेव्हा मी कामावर होते, घरी सासूबाई. खालचं झाकण काढून थोडी खुडबुड केली, दिवा लागलेला दाखवला आणि म्हणाला, “झालं आजी, आता ट्रिप होणार नाही.” यात खोटं काहीच नव्हतं. मग मला फोन: “ताई, तक्रार बंद करायचा कोड आलाय तेवढा सांगा, नाहीतर माझ्या नावावर पेंडिंग दिसतं.” टाकीतलं पाणी कोमट व्हायच्या आत तुमचा मेसेज हजर, तक्रारीचं समाधानकारक निवारण झाल्याचा. जॉबशीटवर शेरा: ‘हार्ड वॉटर. कस्टमर सॅटिसफाइड.’

संध्याकाळी तोटीखाली हात धरला आणि कळलं की किती सॅटिसफाइड आहे ते. एमसीबी पाडला, झाकण काढलं. कटआउटच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पिळ दिलेला, त्यावर काळी टेप, तीही अर्धी सुटलेली. कटआउट बाजूला नुसता लोंबकळतोय. थर्मोस्टॅटला हातसुद्धा लावलेला नाही, त्याच्या स्क्रूवरची धूळ जशीच्या तशी. फोटो जोडलेत. नॉब सगळ्यात खाली ठेवून, टाकी गरम असताना, थर्मोस्टॅटच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. सर्किट तुटलेलं दिसायला हवं होतं. मीटर बीप करत राहिला. कॉन्टॅक्ट चिकटलेत. हे माझं मत नाही, मीटरचं आहे.

आता याचा अर्थ. २ किलोवॅटची कॉइल १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० पर्यंत साधारण वीस-बावीस मिनिटांत नेते. थर्मोस्टॅट तोडत नसेल तर पुढच्या तेवढ्याच वेळात ते १०० वर जातं. कटआउट नाही, म्हणजे थांबवणारं कोणी नाही. आमच्याकडे लाइट कधी जाते, कधी येते याचा नेम नसतो. बटण चालू राहिलं, लाइट आली आणि घरात कोणी नसलं तर काय, हे तुमच्या डिझाइनवाल्यांना विचारा. गिझरसाठीच्या ज्या आयएस २०८२ या भारतीय मानकाच्या जोरावर तुम्ही खोक्यावर आयएसआय मार्क छापता, त्यात थर्मोस्टॅटपासून वेगळा, स्वतंत्रपणे चालणारा कटआउट काय म्हणून मागितलाय?

आणि ते ‘हार्ड वॉटर’. परभणीत बोअरच्या पाण्याला क्षार असतात हा शोध लावल्याबद्दल अभिनंदन. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकीत बोअरचंच असतं, आणि म्हणूनच खोक्यावर ‘हार्ड वॉटरसाठी योग्य’ लिहिलेला हा गिझर आम्ही जास्तीचे पैसे मोजून घेतला. क्षार चढला की कॉइलवर पांढरा थर बसतो, पाणी तापायला उशीर लागतो, कॉइल जळते. क्षाराने थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटत नाहीत. बरं, क्षारच धरून चालू. मग त्याच क्षाराने सेफ्टी व्हॉल्व्हही जाम होतो. प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह भरवशाचा नाही असं तुम्हीच म्हणायचं आणि वर कटआउटही काढून टाकायचा! शेरा लिहिणाऱ्याने स्वतःचा शेरा एकदा वाचला असता तरी बरं झालं असतं.

आता आजच्या फोनबद्दल. मराठीचं बटण दाबूनही बराच वेळ हिंदी ऐकल्यावर एक मराठी बोलणारी मुलगी मिळाली.

“मॅडम, पाणी गरम येत नाहीये का?”
“येतंय. उकळतं येतंय.”
“म्हणजे गिझर चालू आहे ना मॅडम?”
“चालूच आहे. बंद होत नाही, हीच तक्रार आहे.”
“मग मॅडम, थोडं गार पाणी मिक्स करून वापरा.”

तिचा दोष नाही, समोरच्या स्क्रीनवर असेल तेच ती वाचणार. कटआउट डायरेक्ट केलाय म्हटल्यावर तिने होल्डवर टाकलं आणि तुमच्या जाहिरातीची धून लागली. मग सुपरवायझर आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मॅडम, घरात कोणी जेंट्स आहेत का? जरा टेक्निकल आहे, त्यांना समजावून सांगतो.”

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवते. तुमच्यासारख्या कंपन्यांकडे जी पोरं झाकण उघडायला जातात, ती आमच्याकडून शिकून जातात. हे त्यांना सांगितलं. क्षणभर शांतता. मग, “तरीपण मॅडम, सर असतील तर...”

सर होते. सरांना फ्यूज आणि एमसीबीतला फरक कळत नाही, हे ते स्वतःच चारचौघांत सांगतात. तरी दिला फोन त्यांच्या हातात, बघू म्हटलं काय समजावतात. त्यांना सांगण्यात आलं की मॅडमनी कव्हर उघडलं, त्यामुळे वॉरंटी गेली. आमचे हे शांतपणे म्हणाले, “अहो, पण वायरी तर तुमच्या माणसाने जोडल्यात ना?” एवढं त्यांनाही कळलं. तिथेच फोन कट.

म्हणजे तुमच्या माणसाने झाकण उघडून कटआउट काढला तर ती सर्व्हिस, आणि मी झाकण उघडून ते पाहिलं तर वॉरंटी व्हॉइड. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही जुनी म्हण तुमच्या सर्व्हिस सेंटरने फारच मनावर घेतलेली दिसते.

माहेरी तुमच्याच कंपनीचा जुना गिझर वर्षानुवर्षं चालला, म्हणून हा घेतला. आता नावाकडे बघून वस्तू घेणार नाही. सध्या सासूबाईंनी माळ्यावरून तांब्याचा बंब काढायला लावलाय. जानेवारीतली परभणीची थंडी कृषी विद्यापीठाच्या आकड्यांसकट पेपरात येते, तुम्हीही वाचत असाल.

मला हवंय ते असं: गिझर बदलून द्यावा, वाकलेल्या पाइपचा खर्च द्यावा, ‘कस्टमर सॅटिसफाइड’ हा शेरा रद्द करून तसं लेखी कळवावं आणि त्या तंत्रज्ञाने आणखी किती घरांत कटआउट डायरेक्ट केलेत ते तपासावं. हे शेवटचं सगळ्यात आधी करा. त्या पोराची नोकरी घालवू नका, त्याला शिकवा; पेंडिंग दिसू नये म्हणून असली कामं करायला लावणारी पद्धत तुमची आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघेन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आजच करतेय. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही. तारखेला तुम्हालाच परभणीला यावं लागेल.

माणूस पाठवणार असाल तर नवा थर्मोस्टॅट दाखवून प्रकरण मिटवायला पाठवू नका, नवा गिझर घेऊनच पाठवा. मी घरी असतानाच यावं. पाणी तापून दिवा आपोआप विझलेला पाहिल्याशिवाय कोड मिळणार नाही.

आपली, अजून तरी, ग्राहक
परभणी

सोबत: बिलाची प्रत, जॉबशीट, वायरींचे फोटो