जुन्या पिकअपचे क्राऊन-पिनियन बदलण्यापूर्वी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नारायणगावहून टोमॅटो किंवा साताऱ्याकडून भाजीपाला घेऊन मार्केट यार्डात येणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपच्या चालकांची एक तक्रार नेहमी कानावर येते, ती म्हणजे गाडी हायवेला फार ओरडते आणि ॲव्हरेज देत नाही. त्यावर उपाय म्हणून काही गॅरेजमध्ये डिफरन्शियलचे, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी यंत्रणेचे, क्राऊन-पिनियन (मोठ्या व लहान दातेरी चाकांची जोडी) बदलून दिले जाते. या बदलाचे परिणाम चालकाला कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हे पत्र.

या गाड्यांचे गिअरिंग माल ओढण्यासाठी आणि घाट चढण्यासाठी ठरवलेले असते. पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ दात असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट जवळजवळ ४.९ फेरे घेतो. टायरचा परीघ सव्वादोन मीटर धरला आणि टॉप गिअर डायरेक्ट (इंजिन आणि शाफ्टचे फेरे सारखे) असला, तर ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,१७० फेरे घेते आणि ८० ला हाच आकडा २,९०० वर जातो. जुन्या डिझेल इंजिनांपैकी अनेकांची कमाल शक्ती ३,००० ते ३,२०० फेऱ्यांच्या आसपास मिळते आणि त्यानंतर डिझेल पंपातील गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग, डिझेल कमी करू लागतो. म्हणजे ८० च्या वेगाला इंजिन आपल्या मर्यादेच्या अगदी जवळ असते आणि चालक ज्याला ओरडणे म्हणतात ते हेच होय. पाचवा ओव्हरड्राइव्ह गिअर (ज्यात इंजिन शाफ्टपेक्षा कमी फेरे घेते) असलेल्या गाडीत हेच फेरे बरेच खाली येतात, त्यामुळे अशा गाडीच्या मालकाने तर या खर्चात मुळीच पडू नये.

आता ९ आणि ३७ दातांची जोडी बसवली की ८० ला फेरे २,४५० च्या आत येतात, आवाज घटतो आणि चालक खूश होतो. मात्र त्याच वेळी प्रत्येक गिअरमध्ये चाकावर पोहोचणारी ओढ सुमारे १६ टक्क्यांनी कमी होते. भरलेली गाडी खंबाटकी चढताना जिथे पूर्वी तिसरा गिअर पुरत होता तिथे दुसरा टाकावा लागतो, चढावर गाडी उचलताना क्लच जळतो, आणि गिअर न उतरवता रेटले तर इंजिन काळा धूर सोडू लागते. वाचवलेले डिझेल तिथेच खर्ची पडते.

मला अधिक काळजी उताराची वाटते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका मालवाहू वाहनाने अनेक गाड्यांना दिलेली धडक पुणेकर विसरलेले नाहीत. अशा उतारावर भरलेल्या गाडीला खालच्या गिअरमध्ये इंजिनानेच रोखून धरावे लागते, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात. क्राऊन-पिनियन बदलल्यावर हा अटकाव त्याच गिअरमध्ये कमी मिळतो. गाडी न्यूट्रलला टाकणाऱ्याला तर तो मिळतच नाही.

याशिवाय स्पीडोमीटर फसवू लागतो. जुन्या पिकअपमध्ये त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते, म्हणून डिफरन्शियलमध्ये काय बदलले हे काट्याला कळत नाही. गाडी प्रत्यक्षात ८० ने धावत असताना काटा ६७ च्या आसपास दाखवतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मालवाहू वाहनांना द्रुतगती महामार्गावर ८० चीच मर्यादा आहे, आणि असा चालक ती मोडत असल्याचे त्याला समजतही नाही. मोठे टायर बसवल्यानेही हीच चूक होते, फक्त कमी प्रमाणात.

आठ वर्षांवरील मालवाहू वाहनांची योग्यता तपासणी दरवर्षी होते. त्या वेळी काट्याचा वेग आणि प्रत्यक्ष वेग यांची तुलना कटाक्षाने करावी, अशी माझी परिवहन विभागाला विनंती आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यालाही तिच्यात कोणती जोडी आहे हे ओळखता येते. पुढच्या चाकांना दगडाची ओट लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक सोडून मागचे एकच चाक जॅकवर उचलावे आणि ते बरोबर दोन फेरे फिरवावे. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे घेईल तेच डिफरन्शियलचे गुणोत्तर. शाफ्टवर खडूची रेघ ओढली की मोजणे सोपे जाते. ते पाचच्या जवळ आले, तर गाडी ताशी ६० ते ६५ ने चालवावी आणि जोडी आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
एक वाचक, धनकवडी, पुणे