त्या सोमवारी आईची दाढ काढली नाहीत, त्याबद्दल

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी त्या वरच्या दाढेवाल्या मावशींची मुलगी, पुण्याहून आलेली, जी सोमवारी तुमच्या काउंटरपाशी आवाज चढवून बोलली. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये, पण कराडात एसटी स्टँडच्या मागचा तो जिना चढलेल्यांना कळेल. गुरुवारी सगळं नीट पार पडल्यावर तुमच्यासमोर बोलायला गेले तर घसा दाटून आला आणि नुसतं थँक्यू म्हणून खाली उतरले, ते मनात राहिलंय म्हणून लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगते. आईची उजवीकडची वरची दाढ दिवाळीपासून दुखत होती. अर्धी तुटलेली, हलत होती, भाकरी एका बाजूनंच चावायची. मी तिला पुण्याला घेऊन आले, म्हटलं इथे सगळ्या सोयी आहेत. एका मोठ्या चकाचक क्लिनिकात नेलं, एसी, कॉफी, मोठा टीव्ही. तिथे आईच्या तोंडात जेमतेम दोन मिनिटं बघितलं आणि माझ्या हातात ८५,००० चं एस्टिमेट दिलं, दाढ काढायची, शेजारच्या दोन दातांचं रूट कॅनल, वर इम्प्लांट. आईला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय आणि ती रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या घेते हे मी आपणहून सांगितलं तर म्हणाले, पाच दिवस बंद ठेवा आणि या. बस, एवढंच, कुणाला विचारायचं नाही काही नाही. आई रिक्षात बसल्यावर म्हणाली, मला गावाकडं सोड. मला राग आला होता, पण तिचंच बरोबर होतं.

गावात आल्यावर जावेनं, शेजारच्या काकूंनी, मेडिकलवाल्यानं, तिघांनी तुमचंच नाव घेतलं. मी तरी गूगलवर स्टार मोजत बसले होते आणि मला तीनच रिव्ह्यू दिसत होते, म्हणून मन लागत नव्हतं. मलकापूरला कृष्णाचं डेंटल कॉलेज आहे तिकडे जावं का, असंही चाललं होतं. शेवटी काकू म्हणाल्या, अगं रात्री रक्त आलं तर पुण्याला पळणारेस का, जवळचा डॉक्टर बघ. ते पटलं.

आणि सोमवारी तुम्ही दाढ काढायला नाही म्हणालात.

आई त्या दिवशी सकाळपासून उपाशी होती, ऑपरेशन म्हणजे काही खायचं नाही हे तिच्या डोक्यात, आणि रिकाम्या पोटी गोळ्या कशा घ्यायच्या म्हणून बीपीची, शुगरची, हार्टची, एकही गोळी घेतली नव्हती. हे मला माहीतच नव्हतं!! तिच्याबरोबर एकाच घरात होते आणि विचारलं नाही. तुम्ही खुर्चीत बसवल्या बसवल्या पहिलं विचारलंत, मावशी सकाळी काय खाल्लं? मग बीपी बघितलं, १८६/११२. दहा मिनिटं शांत बसवून परत बघितलं, तेवढंच. मग तुम्ही म्हणालात, दुखण्यावर काय घेता ते दाखवा, आणि आईनं पदराच्या गाठीतून डायक्लोफिनॅकची अर्धी संपलेली स्ट्रिप काढली. चार दिवस दोन वेळा घेत होती. मला तेव्हा कळलं की त्या पेनकिलरनं बीपी वाढतं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतली तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती असते. ती बंद करून तुम्ही साधी पॅरासिटामॉल दिलीत.

तेवढं ऐकूनही मी तुमच्याशी वाद घातला, की सुट्टी काढून आलेय, आजच काढा, परत कसं यायचं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, आज काढून मला फी मिळेल, पण मावशींना काही झालं तर तुम्हाला आई परत कोण देणार. हे वाक्य मी घरी जाईपर्यंत ऐकत होते.

आणि तसंच कळवळत पाठवलं नाहीत. दाढेतला खड्डा साफ करून त्यात तात्पुरतं औषध भरलंत. आईनं तोंड मिटलं आणि डोळे मोठे केले, म्हणाली, ही तर लवंग! तुम्ही म्हणालात हो मावशी, लवंगेच्या तेलातलंच औषध आहे, तुमच्या घरचंच. त्या एका वासावर तुमच्यावर तिचा जीव बसला हो. तोपर्यंत ती हाताच्या मुठी आवळून होती.

मग तिच्या हार्टच्या डॉक्टरांना तुम्ही आमच्यासमोर फोन लावलात, कुठला स्टेंट, किती महिने झाले, सगळं विचारलंत, आणि ठरलं की एकही गोळी बंद करायची नाही. स्टेंटवाल्या माणसानं त्या गोळ्या मनानं थांबवल्या तर आत गुठळी होऊ शकते, आणि दाढेच्या जागचं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं, हे तुम्ही मला कागदावर चित्र काढून सांगितलंत. तो कागद माझ्या पर्समध्ये आहे अजून.

आता गुरुवार. आई बीपी १४० च्या आत घेऊन आली, पोहे खाऊन, गोळ्या घेऊन. पण भीती वेगळीच होती तिची. वरची दाढ काढली की डोळं जात्यात. आमच्या चुलत आजीचं तसंच झालं म्हणे, दाढ काढली आणि वर्षात दिसायचं कमी झालं. मी गाडीत तिला सांगत होते असं काही नसतं, ती ऐकेना. तुम्ही हसला नाहीत. एक्सरे खिडकीशी धरून दाखवलात, ही मुळं, त्याच्या वर ही हवेची पोकळी म्हणजे सायनस, डोळ्याची नस कुठल्या कुठे राहिली. आणि म्हणालात, मावशी, दाढा पडायचं वय आणि मोतीबिंदूचं वय एकच असतं, म्हणून लोक जोड लावतात. आई म्हणाली, व्हय, आजीला मोतीबिंदूच हुता. झालं, विषय संपला.

तुमच्याकडच्या ताईंनी अवजारांचं पाकीट आमच्यासमोर फोडलं, त्यावरची पट्टी कशी काळी झालीये म्हणजे ऑटोक्लेव्हमधून, त्या वाफेनं जंतू मारायच्या मशीनमधून, नीट निघालंय हेही दाखवलं. मी न विचारता. त्या ताईंना माझा वेगळा नमस्कार सांगा.

इंजेक्शनच्या आधी तुम्ही आईला म्हणालात, दुखलं की डावा हात वर करा, मी थांबणार. मी दाराशी उभी होते. आईनं एकदा हात वर केला, तुम्ही लगेच थांबलात, आणखी थोडं औषध टोचलंत. थोड्या वेळानं परत हात वर, परत थांबलात, विचारलंत, दुखतंय का, आईनं मान हलवून नाही म्हटलं. तुम्ही काही न बोलता परत सुरू केलंत. घरी आल्यावर मी तिला विचारलं दुसऱ्यांदा हात का गं वर केलास, तर म्हणाली, बघत हुते, खरंच थांबतीया का. मॅडम, माझ्या आईचं आयुष्य दुसऱ्यांनी थांबायची वाट बघण्यात गेलंय, सासरी, शेतावर, दवाखान्यात, कुणी थांबलं नाही. तुम्ही दोन्ही वेळा थांबलात.

दाढ निघाल्यावर त्या जागी स्पंज, दोन टाके, गॉज दाबून पाऊण तास, आणि तासभर बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलंत, बाकीचे पेशंट असताना दोनदा येऊन बघून गेलात. थुंकायचं नाही, चूळ उद्यापासून, नाक जोरात शिंकरायचं नाही कारण वर सायनस आहे, सगळं आईला तिच्या भाषेत सांगितलंत, माझ्याकडे बघून नाही. बिल झालं एक्सरे धरून १,४००. रात्री साडेनऊला उशीवर लाल डाग बघून मी घाबरून फोन केला तर दुसऱ्या रिंगला उचललात. उशी उंच करा, स्वच्छ गॉजची घडी जागेवर ठेवून अर्धा तास चावून धरा, तरी थांबलं नाही तर आणा, मी उघडते. थांबलं.

आता मिश्रीचं. आई चाळीस वर्षं मिश्री लावते, तंबाखू तव्यावर स्वतः भाजते, लहानपणी त्या वासानं आम्हाला ठसका लागायचा आणि अंगणात पळायचो. आजवर तिला सगळ्यांनी यावरून झापलंय, मी सगळ्यात जास्त. तुम्ही झापलं नाहीत. गालाच्या आतला पांढरा चट्टा तिला आरशात दाखवलात आणि म्हणालात, जखम भरेपर्यंत मिश्री नकोच, आणि हा चट्टा दोन आठवड्यांनी मी परत बघणार, गेला नाही तर कॉलेजला तुकडा तपासायला पाठवणार. तिला तारीख लिहून दिलीत. दाढ काढायला आलेल्या बाईचा गाल कोण बघतं एवढा? पुण्यात दोन मिनिटांत ८५,००० चा हिशोब झाला होता, पण त्या चट्ट्याबद्दल अक्षर नव्हतं.

टाके निघाले, जागा भरतेय. आईनं अकरा दिवस डबीला हात लावलेला नाही, सकाळी चिडचिड करते, पण लावलेला नाही. चट्टा बघायची तारीख येत्या गुरुवारी आहे. मी रजा टाकते म्हटलं तर म्हणाली, तू कशाला येतीस, डाक्टरीणबाई हाईत की, मी वडापनं एकटी जाते. सोबत ओल्या शेंगा आणणार आहे, तेवढ्या घ्या.