साताऱ्याच्या नावातला अर्धा र

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तिसरीत शिकणारी माझी नात आपल्या दैनिकाचे जिल्ह्याचे पान मोठ्याने वाचत होती. एका मथळ्यात ‘सातार्याला’ असे छापले होते आणि तिने ते ‘सूर्याला’ म्हणावे तसे, ‘ता’वर आघात देऊन वाचले. मी थांबवले तेव्हा तिने त्या रफारावर बोट ठेवून मला दाखवले. चूक तिची नव्हतीच. छापले होते तेच तिने वाचले. बोलायला लागल्यापासून ज्या गावाचे नाव तिच्या तोंडी आहे ते तिला कागदावर ओळखू येऊ नये, याचे मला फार वाईट वाटले.

‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ या शब्दांत र् मागच्या अक्षराला चिकटतो, त्यामुळे त्या अक्षरावर आघात येतो. असा र् आपण रफाराने दाखवतो. ‘सातारा’ या नामाचे सामान्यरूप मात्र ‘मेढा’चे ‘मेढ्या’ आणि ‘शिराळा’चे ‘शिराळ्या’ व्हावे त्याच रीतीने ‘साताऱ्या’ असे होते, आणि तेथे र् पुढच्या ‘या’सह एका दमात उच्चारला जातो, मागच्या ‘ता’ला धक्काही लागत नाही. वृत्त शिकवताना आम्ही मुलांना हेच सांगत असू की, ‘चर्या’तला ‘च’ गुरू, पण ‘दुसऱ्या’तला ‘स’ लघूच. म्हणजे हा केवळ लिहिण्याच्या वळणाचा प्रश्न नाही. मराठी कानाला हे दोन जोड वेगळे ऐकू येतात आणि त्यांनी अर्थही बदलतो: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या आपल्या सह्याद्रीतल्या, आचार्यांना वंदन करायचे असते, आचाऱ्यांना जेवणावळीचा शिधा द्यायचा असतो. ‘ह’च्या बाबतीतही तेच. ‘अर्हता’ आणि ‘तऱ्हा’ एकापाठोपाठ म्हणून पाहावेत. आपल्या भागातले ‘गुऱ्हाळ’ आणि कराडचे जुने नाव ‘कऱ्हाड’ याच दुसऱ्या जातीचे आहेत. हिंदीच्या लेखनाला ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’तल्या या अर्ध्या र च्या चिन्हाची गरज पडत नाही. मराठीला आणि नेपाळीला पडते.

मध्यंतरी नात्यातील एका लग्नाची पत्रिका छापायला दिली होती. कच्च्या प्रतीत ‘मोऱ्यांच्या’ऐवजी ‘मोर्यांच्या’ आले. दुरुस्ती सांगितली तर संगणकावर बसलेला मुलगा म्हणाला, ‘‘काका, हे अक्षर कीबोर्डवर येतच नाही.’’ ते येते. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट दाबून ‘र’ची कळ दाबली की खाली टिंब असलेला ‘ऱ’ उमटतो. त्याला हलन्त जोडून पुढे ‘या’ लिहिले की टिंब जाते आणि ‘ऱ्या’ तयार होतो. त्या मुलाने एकदा पाहिले आणि पुढचे चारही ‘मोऱ्यांच्या’ स्वतःच नीट केले. त्याला आजवर कोणी दाखवलेच नव्हते, एवढेच. (हेच रूप साध्या ‘र’ला एक न दिसणारे जोडचिन्ह लावूनही मिळते, पण मग दिसायला एकसारखे असलेले दोन शब्द संगणकाला वेगळे वाटतात आणि शोध घेताना निम्म्या बातम्या हाती लागत नाहीत. म्हणून कार्यालयात सर्वांनी एकच रीत पाळावी.)

दुकानाच्या पाटीवरची चूक त्या गल्लीपुरती राहते. वृत्तपत्रातली चूक मात्र मुले प्रमाण मानून वहीत उतरवतात, आणि नंतर शिक्षकाने तांबड्या शाईने खूण केली तर ‘पेपरात असेच आहे’ असे उत्तर मिळते; मला ते अनेकदा मिळाले आहे. तेव्हा माझी आपणास आग्रहाची विनंती आहे की, आपल्या मुद्रितशोधकांना व वार्ताहरांना ही एक कळ दाखवून द्यावी आणि निदान जिल्ह्याच्या पानावर तरी ‘साताऱ्यात’, ‘साताऱ्याला’, ‘साताऱ्याचा’ ही रूपे उद्याच्या अंकापासून शुद्ध छापावीत.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मराठी शिक्षक, सातारा