गुलाबी रविवारी आईला पत्र

दुबई,
30 मार्च 2025, रात्र

प्रिय आई,

देवळातून आत्ताच खोलीवर आले. आज इथं ईद, त्यामुळे मेट्रोत पाय ठेवायला जागा नव्हती. तुमच्याकडे उद्या असेल. आणि आजच पाडवा! समोरच्या इमारतीत कुणा मराठी घरानं फरशी पुसायच्या दांड्याला खण बांधून वर तांब्या उपडा घातला होता. पहाटे मशिदीतून तकबीर ऐकू येत होती आणि मी खिडकीत उभी राहून त्या गुढीकडे बघत होते. आपला तर ईस्टरआधीच्या उपवासकाळातला चौथा रविवार, आनंदाचा. जांभळ्याऐवजी फादर गुलाबी वस्त्रांत आले. फोनवर आपण दोघी "बरं आहे, बरं आहे" एवढंच म्हणतो, म्हणून आज कागद घेतला.

उपवासकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारी तू विचारलं होतंस, यंदा काय सोडलंस? मी म्हटलं, मटण आणि चहातली साखर. खरं तर दोन्ही सोडून मला काहीच जाणवलं नाही. माझ्या खोलीतली हैदराबादची बाई 1 मार्चपासून रोजे करत होती. पहाटे चारला उठायची, पण दिवा लावायची नाही. आमची झोप मोडू नये म्हणून मोबाइलच्या उजेडात पोळी भाजायची. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि संध्याकाळी रोजा सोडायला खजूर काढले की पहिला आमच्या हातावर ठेवायची. तिच्याकडे बघताना मला तुझा डालड्याचा डबा आठवायचा. उपवासकाळात भाताचे तांदूळ मोजून घेतलेस की त्यातलीच एक मूठ तू त्या डब्यात टाकायचीस आणि ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी डबा मागच्या आळीतल्या म्हातारीकडे जायचा. मी एकदा वेगळ्या पोत्यातून मूठ घातली तर ओरडली होतीस, "आपल्या ताटातून निघाली पाहिजे, नाहीतर तो उपवास कसला!"

रमजानमध्ये इथं कामाचे दोन तास कमी होतात. त्या मोकळ्या वेळात एक प्रश्न पुढ्यात येऊन बसला आणि उठेचना. मी इथं कशासाठी आहे? 2016 ला आले तेव्हा उत्तर स्वच्छ होतं, बाबांच्या आजारपणाचं कर्ज. शेवटचा हप्ता 2022 मध्ये फिटला. त्यानंतर मी पैसे पाठवत राहिले, कारण पाठवायची सवय होती. अंग इथं, कान फोनला, मन मुंबईत मरोळच्या गावठाणात, असे माझे तीन तुकडे झालेत आणि त्यातल्या एकातही मी सबंध नाही. प्रार्थनेला बसले तरी शब्द तोंडातच राहायचे.

आई, माझ्या उशाशी एक निळी वही आहे. तुला कधी सांगितलं नाही. घरी पाठवलेला प्रत्येक दिरहम तारखेसकट त्यात लिहिलाय. आधी हिशोब म्हणून लिहायचे. धाकट्या भावानं टेम्पोच्या धंद्यात पैसे घालवले, तुझ्या पाटल्या मोडाव्या लागल्या आणि तो आठ महिने घर सोडून गेला, तेव्हापासून ती वही दुसऱ्याच कारणासाठी लिहिली जात होती. त्याला एक दिवस दाखवायची म्हणून.

आजच्या मिस्सेत, देवळातल्या उपासनेत, बापाचे पैसे उडवून परत आलेल्या उधळ्या पुत्राचा दाखला होता. लहानपणापासून मी तो ऐकते तो दूर देशी गेलेल्या पोराची गोष्ट म्हणून. इथं आल्यापासून तर वाटायचं, हे माझंच आहे, परका मुलूख आणि बापाच्या घराची आठवण. पण आज फादर त्याच्या थोरल्या भावापाशी थांबले. तो शेतातून परत येतो, धाकटा परतला म्हणून घरातून गाण्याबजावण्याचा आवाज येतो, आणि तो आत जात नाही. इतकी वर्षं राबलो, मला काय दिलंत, असं बापाला विचारतो.

मला एकदम 2023 चा नाताळ आठवला. तू व्हिडिओ लावलास. चुलीवर कढई, तेलात फुग्या टम्म फुगून वर येत होत्या, आणि मागे धाकट्याचा हसण्याचा आवाज. तो परत आला होता. तू इतकी आनंदात होतीस की झारा हातात धरूनच बोलत होतीस. आणि मी फोन कापला. नेटवर्क गेलं म्हणून सांगितलं. ते खोटं होतं, आई. मी त्या शेताच्या बांधावर उभी होते आणि मला आत यायचं नव्हतं.

त्यानंतर एक रविवार असा गेला नाही की तू फोन केला नाहीस. मी तुटक बोलले तरी केलास. दाखल्यात बाप थोरल्याची समजूत घालायला स्वतः उठून बाहेर येतो. आज ते वाक्य ऐकलं आणि बाकावर बसून मला रडू आवरेना. शेजारच्या फिलिपिनो बाईनं न विचारता रुमाल पुढे केला. थोरला शेवटी आत गेला की नाही, ते शुभवर्तमानात लिहिलेलंच नाही.

काल पापनिवेदनाला गेले होते. ओद मेथाच्या सेंट मेरीजमध्ये या दिवसांत ही मोठी रांग असते. देऊळ 1967 पासूनचं, जमीन इथल्या शेख राशिद यांनी दिलेली, आणि रांगेत सगळ्या जगातली माणसं. वहीचं सांगितलं. फादर जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ईस्टरपर्यंत रोज एक 'आमच्या बापा' ही प्रार्थना भावाच्या नावानं म्हण. मी म्हटलं, इतकंच? ते म्हणाले, म्हणून बघ. काल रात्री म्हटला. "जसे आम्ही आपल्या अपराध्यांस" इथं येऊन अडकले. तिथूनच पुन्हा सुरू केला. तिसऱ्यांदा पूर्ण झाला.

तुला आठवतं, आम्ही दोघं लहान असताना तू अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या देवळातल्या वार्षिक मिस्सेला न्यायचीस? 1579 चं ते देऊळ, छप्पर नाही, भिंतींतून झाडाची मुळं उतरलेली. धाकटा घाबरून माझा हात सोडत नव्हता. "ताई, इथं देव राहतो का?" असं त्यानं विचारलं होतं. मी ठासून "हो" म्हटलं होतं. आज देवळात तोच घामेजलेला छोटा हात माझ्या हातात असल्यासारखं वाटत होतं.

वही मी फाडली नाही. उरलेल्या कोऱ्या पानांवर रोज प्रार्थना झाली की तारीख घालणार आहे, त्याच्या नावाची. पैसे पूर्वीसारखेच येतील, पण यापुढे लिहून ठेवणार नाही. तुझ्या डब्यातल्या मुठी तू कधी मोजल्या होत्यास का? मी इथं का आहे, याचं सगळं उत्तर अजून मिळालेलं नाही. पण गेले तीन आठवडे जो दगड छातीवर होता तो हलला आहे, आणि आज खूप दिवसांनी पोटभर जेवले.

पोप फ्रान्सिस 23 तारखेला हॉस्पिटलातून परत आले, हे ऐकून इथं सगळ्यांना बरं वाटलं. तुम्हीही प्रार्थना केलीच असेल.

ईस्टर झाला की तू बाटली मसाल्याच्या मिरच्या वाळत घालशील. तुझे गुडघे दुखतात, गच्चीवर तू चढू नकोस, धाकट्याला चढू दे. आणि माझी बाटली कुणाबरोबर पाठवशील तेव्हा तिच्यावरची चिठ्ठी यंदा त्याला लिहायला सांग. त्याचं अक्षर बघून खूप दिवस झाले.

तुझी,
थोरली