आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाजी, दूध, गूळ वाहणाऱ्या जुन्या डिझेल पिकअप कराड-पाटण भागात अजून भरपूर आहेत. त्यांची नेहमीची तक्रार म्हणजे गाडी उभी केली की बंद पडते, नाहीतर रेस आपोआप वरखाली होते. बहुतेक ठिकाणी इलाज एकच होतो: इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपावरचा आयडलचा (पेडल न दाबता राहणाऱ्या रेसचा) स्क्रू आत घालून रेस वाढवून द्यायची. गाडी चालू राहते, दोष मात्र आतच राहतो. रेस अशी चढवलेली गाडी माल भरून कुंभार्ली घाट उतरताना पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये वळणावर पुढे ढकलते आणि भार ब्रेकवर येतो. डिझेल जळतं ते वेगळंच.

आधी पेडलपासून पंपाच्या लिव्हरपर्यंत जाणारी रेसची केबल बघा. इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा आणि एकाला पेडल पूर्ण दाबायला, मग सोडायला सांगा. सोडल्यावर पंपाचा लिव्हर आयडलच्या स्क्रूला टेकला पाहिजे. लिव्हर आणि स्क्रूच्या मध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची बारीक पट्टी धरा. पेडल सोडलेलं असताना पट्टी अलगद निघून आली तर लिव्हर केबलनेच धरून ठेवलाय, स्क्रू कितीही बाहेर काढला तरी रेस उतरणार नाही. केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील द्या. आतली तार धूळ-ग्रीसने जड झाली असेल तर तेल सोडत बसू नका, केबल बदला. रिटर्न स्प्रिंग आणि पेडलखाली सरकलेली रबरी मॅट एवढं बघायला मिनिट लागत नाही.

केबल ठीक असूनही रेस वरखाली होत असेल तर पहिला संशय हवेवर घ्यावा. इथेच सगळे फसतात, कारण गळती शोधताना आपण ओल शोधतो. पण टाकीकडून डिझेल ओढून घेणाऱ्या पाइपात चीर असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो. टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा वेगळा फीड पंप नसलेल्या रोटरी पंपाच्या गाडीत तर टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा मार्ग असा ओढीवरच असतो, फिल्टरसकट. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये अर्धा फूट आरपार दिसणारी नळी तात्पुरती लावा आणि इंजिन चालू करा. नळीतून बुडबुडे सरकताना दिसले की मागे मागे जात क्लिपखालची तडकलेली होज, फिल्टरचं रबर, बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर तपासा. वॉशर जुने परत घालू नयेत, नवे घाला. काम झालं की ती नळी काढून टाका, डिझेलने आणि उष्णतेने ती सैल पडते. मग फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करून हँड पंप मारा, बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल येईपर्यंत. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणीही काढा.

इंजिन थरथरतंय, मिसिंग आहे (एखादा सिलिंडर पेटत नाही), तर चालू इंजिनवर एकेका नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या, पाइपाचा नट फडकं धरून किंचित ढिला करा आणि लगेच आवळा. ज्या नटाला आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. तोंड आणि हात लांब ठेवा. डिझेलचा बारीक फवारा कातडीत घुसतो, तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा. कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) गाडीवर हा प्रयोग कधीही करू नये. तिथे दाब कितीतरी पट जास्त असतो आणि आयडल किती ते कॉम्प्युटर ठरवतो, स्क्रू नसतोच.

हे सगळं निस्तरल्यावर स्क्रू. इंजिन पूर्ण गरम, एसी-दिवे बंद. चेकनट (स्क्रू जागी धरणारा नट) सोडा, स्क्रू पाव आटा फिरवा, अर्धा मिनिट थांबा. आटा आत घातला की रेस वाढते. अशा बहुतेक गाड्यांचं आयडल 750 ते 850 आरपीएमच्या दरम्यान बसतं, पण आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत बघा आणि कानावर न जाता टॅकोमीटर लावून मोजा. चेकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. शेवटी अर्धी रेस देऊन एकदम सोडा. इंजिन बंद न पडता आयडलवर येऊन स्थिर झालं पाहिजे.

लिव्हरच्या दुसऱ्या टोकाचा सील केलेला स्क्रू कमाल रेसचा असतो. तो फिरवून ओढ वाढत नाही, इंजिन मर्यादेबाहेर पळतं आणि बेअरिंग जातात. त्याला हात लावू नये.

गॅरेजवाल्यांना एक विनंती: काम झाल्यावर आयडल किती ठेवलं आणि स्क्रू किती आटे फिरवला, हे बिलावर लिहून द्या. पुढच्या मिस्त्रीला त्यावरून कळेल की रेस मुद्दाम चढवलेली आहे की मूळची.

आपला,
एक डिझेल मिस्त्री, कराड (जि. सातारा)