शेफील्डच्या काकांना, एका जुन्या फुटबॉल क्लबाबद्दल

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिकायला, नोकरीला जी मराठी मुलं आता इंग्लंडमध्ये, या शेफील्डला येतात, त्यांनीही ते वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू झाले, तो माझा पहिला हिवाळा फार कठीण गेला. रात्रपाळी करून यायचं, झोपायचं, उठेपर्यंत बाहेर पुन्हा अंधार. घरी फोन केला की सगळं छान चाललंय असं सांगायचं. त्याच्या आधी गणपतीत तुमची ओळख झाली होती. गाव कोल्हापूर म्हटल्यावर तुम्ही लगेच विचारलंत, "मग तालीम कुठली?" कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे, आणि आमच्या घरात सगळे पाटाकडील तालमीचे. बाबांचा हात धरून मी शाहू स्टेडियमवर वाढले, दिलबहार तालमीशी मॅच असली की आमच्याकडे जेवणाच्या वेळा बदलायच्या. परदेशात कुणी तालीम विचारेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. डिसेंबरात तुमचा फोन आला: शनिवारी मोकळी असशील तर मॅचला चल.

मला वाटलं ब्रॅमॉल लेन नाहीतर हिल्सबरो, शहरातली ती दोन मोठी स्टेडियमं. तुम्ही गाडी काढलीत ती दक्षिणेला, शहराची हद्द ओलांडून डर्बीशरमधल्या ड्रॉनफील्डला. 'कोच अँड हॉर्सेस' नावाचा पब आणि त्याला लागूनच मैदान. कठड्याला टेकून उभं राहायचं, इतक्या जवळ की बचावफळीतला खेळाडू गोलकीपरला काय म्हणाला तेही ऐकू येतं. काकूंनी दिलेला चिवड्याचा डबा तुम्ही उघडलात. शेजारच्या आजोबांनी न विचारताच मूठ भरून घेतली, म्हणजे डबा तिथं ओळखीचा होता. मग तुम्ही सांगितलंत, "हा शेफील्ड एफसी. जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब." व्यावसायिक लीगच्या चार पायऱ्यांच्याही खाली खेळणारा संघ, आणि जगातला सगळ्यात जुना!

पुढे सुटीच्या दिवशी तुम्ही मला या क्लबाची गोष्ट तुकड्या-तुकड्यानं, त्या त्या जागेवर नेऊन सांगितलीत. 24 ऑक्टोबर 1857 ला नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोन मित्रांनी क्लब काढला. एक वकील, दुसरा दारूचा व्यापारी. क्लबाची पहिली कचेरी म्हणजे ओळखीतल्या एका बंगल्याच्या बागेतलं काचघर. खेळायला दुसरा संघच नव्हता, म्हणून आपसातच, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे अशा मॅचेस. 1858 मध्ये त्यांनी स्वतःचे नियम लिहून काढले. हातानं ढकललेलं चालेल, पण नडगीवर लाथ मारणं आणि पाय घालून पाडणं कुठल्याही परिस्थितीत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम, प्रत्येक खेळाडूनं एक लाल आणि एक गडद निळी फ्लॅनेलची टोपी स्वतःची स्वतः आणायची. एका संघानं लाल घालायची, दुसऱ्यानं निळी. हे सांगताना तुम्ही थंडीत स्वतःची कानटोपी काढून हातात धरली होतीत, ते मला अजून दिसतं.

सँडीगेटला नेलंत तो दिवस तर विसरणं शक्य नाही. 1860 पासूनचं हॅलम क्लबाचं मैदान, जगातलं सगळ्यात जुनं. टेकडीवरचं, चांगलंच उतरतं. 26 डिसेंबर 1860 ला इथं शेफील्ड आणि हॅलम यांच्यात मॅच झाली, दोन क्लबांमधली जगातली पहिली. शेफील्डनं 2-0 नं जिंकली. दोन वर्षांनी हेच दोघे ब्रॅमॉल लेनवर धर्मादाय मॅचला भेटले आणि मैदानातच हातघाईवर आले, त्यात क्रेसविकसाहेबही होते. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेची फुटबॉलमधली चुरस पाहिलेल्या मुलीला यात काहीच परकं वाटलं नाही. त्या दिवशी प्रथमच या शहरात मला घरच्यासारखं मोकळं वाटलं, हे तुम्हाला कधी बोलले नव्हते.

कॉर्नर किक इथली. 1872 मध्ये ती लंडनच्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या नियमांत घेतली. 1866 मध्ये शेफील्डचा संघ बॅटरसी पार्कला लंडनशी खेळला, तेव्हा ही मंडळी चेंडू डोक्यानं मारतात हे बघून लंडनकर हसले होते म्हणे. 1877 मध्ये दोन्हीकडचे नियम एक झाले.

पण काका, तुम्ही मला खरं दिलंत ते याच्या पुढचं. 1885 मध्ये खेळाडूंना पैसे द्यायला रीतसर परवानगी मिळाली. शेफील्डनं हौशीच राहायचं ठरवलं. मग पगारी खेळाडूंच्या ॲस्टन व्हिला, नॉटिंगहॅम फॉरेस्ट अशा संघांकडून वाईट मार खाल्ला. ज्यांना खेळायला शिकवलं ते पुढे निघून गेले. मी म्हटलं, किती वाईट झालं हो. तुम्ही म्हणालात, "वाईट काय? त्यांनी निवडलं." हौशी संघांसाठी वेगळा चषक असावा ही कल्पनाही याच क्लबाची, आणि 1904 मध्ये तो हौशी चषक त्यांनी जिंकला. त्यानंतर कितीतरी दशकं दुसऱ्यांच्या मैदानांवर बिऱ्हाड. 2001 मध्ये ड्रॉनफील्डला स्वतःचं घर मिळालं. 2004 मध्ये फिफानं आपला मोठा सन्मान दोनच क्लबांना दिला, रेआल माद्रिदला आणि शेफील्डला. 2007 मध्ये दीडशे वर्षं झाली तेव्हा ब्रॅमॉल लेनवर इंटर मिलान खेळायला आलं आणि पेले बघायला बसले होते.

आणि 2011. नियमांचं हस्तलिखित आणि 1859 च्या छापील पुस्तिकेची उरलेली एकमेव ज्ञात प्रत क्लबानं लिलावात काढली. 8,81,250 पौंड आले. मला ते ऐकून घरातलं मंगळसूत्र विकल्यासारखं वाटलं. तुम्ही शांतपणे समोर बोट दाखवलंत, जिथं मध्यंतरात बारक्या पोरी-पोरं गोलमध्ये बॉल मारत होती. कागद जपायचा की मैदान, असा प्रश्न होता, म्हणालात. मला तुमचं हे अजूनही पूर्ण पटत नाही. ती पुस्तिका शेफील्डमध्येच राहायला हवी होती असं मला वाटतं. पण त्या पोरांकडे बघून बोलायला काही उरलं नाही, हेही तितकंच खरं.

काका, तुम्ही डॉक्टर. झोप लागत नाही म्हणाले असते तर गोळी लिहून दिली असती. त्याऐवजी तुम्ही मला या कठड्यापाशी आणून उभं केलंत, चार माणसांशी ओळख करून दिलीत आणि बाजूला झालात. आता तिथं मला नावानं हाक मारतात. ड्युटी नसेल त्या शनिवारी मी गेटवर तिकिटं फाडायला उभी असते. मागच्या महिन्यात सांगली आणि साताऱ्याची मुलं आली होती, त्यांना मी टोप्यांचा नियम सांगितला आणि तुमचंच नाव घेतलं. बाबांना फोनवर स्कोअर कळवते, तेही आता विचारतात, आपला संघ कसा खेळला.

तुमच्या या उपकारांची जाण मला जन्मभर राहील.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही मैदानावर आला नाहीत. शनिवारी घरच्या मैदानावर मॅच आहे. मी दीड वाजता गाडी घेऊन येते, कठड्याजवळ खुर्ची ठेवायला सांगितली आहे. काकूंना म्हणावं चिवडा जास्त द्या, शेजारचे आजोबा तुमची चौकशी करून थकले.

तुमची,
कोल्हापूरची लेक